२२ मिनिटांचा तीनताल: तयारीच्या नोंदी

मी अकरावीत आहे, पुण्यात कथक शिकते. क्लासच्या डिसेंबरातल्या कार्यक्रमात यंदा आम्हा तिघींना एकल मिळालंय. माझ्या वाट्याला २२ मिनिटं तीनताल, साथीला तबला आणि संवादिनी. आजवर मी समूहातच नाचले, तेही बहुतेक वेळा रेकॉर्डवर. पहिलं एकल करणाऱ्या कुणाच्या उपयोगी पडतील म्हणून या नोंदी. हस्तक कसा घ्यावा, थाट कसा धरावा हे यात सापडणार नाही. ते आपापल्या गुरूंकडे.

१८ ऑगस्ट

क्रम ठरला. गणेशवंदना, थाट (संथ, ठहरावाची सुरुवात), आमद (प्रवेशाची रचना), विलंबितात म्हणजे संथ लयीत तोडे, एक परण आणि एक चक्रदार (तिन्ही ठरावीक बोलांच्या रचना). मध्यलयीत बासरी आणि घुंघटाचा गतनिकास (त्या-त्या मुद्रेतली चाल), पनघटाचा गतभाव (अभिनयातून छोटा प्रसंग). द्रुतात म्हणजे जलद लयीत तत्कार (पायांचं काम), लडी (त्याचा विस्तार), शेवटची तिहाई (एकच तुकडा तीनदा). आमद लखनौ घराण्याची, परण जयपूर घराण्याची. पुण्यात अशा मिश्रणाचं कुणाला नवल वाटत नाही, इथल्या ज्येष्ठ कथक गुरू रोहिणीताई भाटेही लच्छू महाराज आणि मोहनराव कल्याणपूरकर अशा दोघांकडे शिकल्या होत्या.

मला झपतालही घ्यायचा होता. ताई, म्हणजे माझ्या गुरू, म्हणाल्या, "तो अजून तू मोजतेस. तीनताल मोजावा लागत नाही तुला. तोच कर."

घरी येऊन आवर्तनांचा (तालाच्या पूर्ण फेऱ्यांचा) हिशेब मांडला, कारण २२ मिनिटं म्हणजे नेमकं किती नाचायचं याचा अंदाजच नव्हता. विलंबित ५० च्या लयीत (मिनिटाला ५० मात्रा) धरलं तर १६ मात्रांचं एक आवर्तन १९ सेकंदांचं होतं. द्रुत १६० ला धरलं तर तेच आवर्तन ६ सेकंदांत संपतं. विलंबिताची साधारण ३० आवर्तनं आहेत. तिथे लय ५० ची ४५ झाली तरी एकूण वेळ मिनिटभराने वाढतो. हे कागदावर आधीच मांडून ठेवा. आयोजकांना वेळ पाळून हवी असते आणि ऐनवेळी कात्री लागते ती नेहमी गतभावाला.

२७ ऑगस्ट

लेहऱ्याच्या (साथीला पुन्हापुन्हा वाजणाऱ्या चालीच्या) ॲपवर रोज दीड तास. लय ५०, १००, १६० अशी पक्की लावून ठेवलीय. सगळं समेवर, म्हणजे आवर्तनाच्या पहिल्या मात्रेवर, येतंय.

५ सप्टेंबर

दोन्ही नडग्या दुखतायत. जिना उतरतानाही. पूर्वी तत्कार पंधरा-वीस मिनिटं असायची, ती एकदम पाऊण तासावर नेली आणि तीही घरच्या फरशीवर. खाली सिमेंटच असल्यामुळे पायाचा प्रत्येक आघात सरळ हाडात जातो. ताईंनी पाय बघितले. त्यांच्या मते मी थकले की तळपाय सपाट पडत नाही, टाच आधी आपटते.

तत्कार पूर्ण बंद केली, दोन आठवडे. हा वेळ गेला तो गेलाच. या काळात १२ मिलिमीटरचा प्लाय कापून आणला, साधारण चार फूट बाय चार फूट, आणि त्याखाली रबरी चटई अंथरली. १,४५० रुपये. नडगीला फरक पडला, शिवाय खालच्या मजल्यावरच्या काकूंच्या तक्रारी थांबल्या. प्लायवर चक्कर मात्र घेऊ नका. कडेला पाय गेला तर घोटा मुरगळतो, आणि चक्कर घेताना आपण कडेकडे सरकतोच.

९ सप्टेंबर

गणपती. समोरच्या चौकात ढोल, त्यामुळे लेहरा कानावर पडणं अशक्य. तसंही पाय बंद आहेत, म्हणून नुसती पढंत (बोल तोंडाने म्हणणं) काढली.

आणि एक विचित्र गोष्ट लक्षात आली. जी परण मी झोपेतही नाचेन ती हातावर ताल देऊन म्हणता येईना. पाय थांबले की मधले बोल गायब. गांधर्व महाविद्यालयाच्या परीक्षेत हातावर ताल देऊन बोल म्हणावे लागतात, मी ते म्हटलेही होते, चांगले गुणही होते. पण परीक्षेत बसून म्हणायचं असतं, खोलीत परीक्षक असतात आणि विचारतील तेवढंच म्हणायचं असतं. इथे नाचून दम लागलेला असताना माइकसमोर उभं राहून म्हणायचं आहे, आणि तबलजी त्यावरूनच बंदिशीचा अंदाज घेणार आहेत.

म्हणून आता रोज: आधी हातावर ताल आणि बोल, मग तेच चालताना, मग दोन मजले चढून गेल्या-गेल्या. जिथे श्वास तुटतो तिथे वहीत उभी रेघ. परणेत अशा तीन जागा निघाल्या. तिन्ही ठिकाणी श्वास आधीच्या बोलाला घ्यायचा ठरवल्यावर ती सुटली. चक्रदाराची मात्र सुटेना. तेव्हा ताईंनी ठरवलं की द्रुतातल्या बंदिशींची आणि चक्रदाराची पढंत त्या स्वतः साथीदारांसोबत बसून करतील.

२ ऑक्टोबर

घुंगरू. माझे एका पायात १०० होते, आता १५०. घुंगरू जुने आणि नवे मिसळून ओवले तर आवाज फुटतो हे दुकानदारानेच सांगितलं, म्हणून पूर्ण नवी जोडी घेतली. ३,४०० रुपये.

वजनाची सवय व्हायला वेळ लागेल एवढा अंदाज होता. आवाजाचा नव्हता. घुंगरू जास्त असले की पाय थांबल्यावरही क्षणभर वाजत राहतात. दुगुणीत (दुप्पट वेगात) एका पदाचा आवाज पुढच्या पदात सांडतो आणि सगळं गढूळ ऐकू येतं. सुरुवातीला वाटलं, पाय जड पडतायत. खरं कारण घोट्यावरची ढिली पकड होती. दोरी घट्ट आणि पहिला वेढा घोट्याच्या हाडाच्या जरा वर घेतला की घुंगरांचा लोळ पुढेमागे हलत नाही, आवाज तुटक येतो. घट्ट बांधल्यावर कातडी सोलते, म्हणून आत क्रेप बँडेजचे दोन वेढे. बँडेज जाड झालं तर पुन्हा लोळ हलतो, तेव्हा दोनच.

कार्यक्रमाच्या निदान दोन महिने आधी बदला. तेवढा वेळ नसेल तर जुनेच बांधा, शंभरात कुणाचं काही अडत नाही.

१३ ऑक्टोबर

साथीदारांबरोबर पहिली बैठक. आजवरची सगळी तयारी इथे उघडी पडली, त्यामुळे ही नोंद लांबणार.

रेकॉर्डवर नाचताना लय कुणीतरी आधीच लावून दिलेली असते. इथे तबल्याच्या दादांनी माझ्याकडे बघितलं आणि म्हणाले, "हं, लय द्या." मी टाळी देत 'ता थेई थेई तत्' म्हटलं. नंतर फोनवरचं ध्वनिमुद्रण मोजलं तर ती लय ५८ निघाली. छाती धडधडत असली की पन्नासाची अठ्ठावन्न होते आणि आपल्याला ती पन्नासच वाटते. थाटाला जो ठहराव लागतो तो त्या लयीत मिळेना. मी घाईत, दादा माझ्यामागे, आणि आमदेपर्यंत आम्ही आणखी पुढे.

दुसरं, ॲपवरचा ठेका सरळ असतो. धा धिं धिं धा, धा धिं धिं धा, पुढे धा तिं तिं ता ही खाली (नववी मात्रा, जिथे टाळी न देता हात उघडा दाखवतात), कधीही कान दिला तरी आपण कुठे आहोत ते कळतं. दादा विलंबितात दोन मात्रांच्या मध्ये भरणा करतात. ऐकायला सुंदर, पण मी खालीवरच चुकले आणि तोडा अर्धं आवर्तन आधी उचलला. मी हळूच विचारलं, सरळ ठेका धराल का? दादा हो म्हणणार तेवढ्यात ताई म्हणाल्या, "नाही. तिला लेहरा ऐकू दे."

लेहरा म्हणजे एका आवर्तनाची चाल, तीच पुन्हापुन्हा. हे मला पहिल्या वर्षापासून माहीत आहे. पण मी ती कधी ऐकत नव्हते, तबला ऐकत होते. संवादिनीचे काका चंद्रकंस रागातला लेहरा वाजवतात. त्यात शुद्ध निषाद षड्जाकडे खेचत नेतो आणि षड्ज येतो तीच सम. खालीला चाल वरून खाली उतरायला लागते. ताईंनी मला बसवलं आणि नुसता लेहरा गुणगुणायला लावला, हाताने टाळी-खाली देत. मग दादांनी वाट्टेल तसा भरणा करावा आणि मी गुणगुणणं सोडू नये. अर्ध्या तासाने जागा सापडायला लागली.

तिसरं द्रुतातलं. मी १६० ला पक्की होते. पण समोर माणूस वाजवत असला की दोघांनाही चेव येतो. दुगुण सुरू झाली आणि लय चढत गेली, १८५ च्या आसपास पोचली. त्या वेगात माझी टाच खाली टेकणंच बंद झालं. घुंगरू वाजतायत, पद कुठेच नाही. मी पाय ओढून धरायला गेले तर बेताल झाले.

संवादिनीच्या काकांनी निघताना त्यांचा लेहरा तिन्ही लयींत ध्वनिमुद्रित करून दिला. त्याचे पैसे घेतले नाहीत. ॲप सोडलं नाही, पण विलंबितासाठी आता हाच.

२० ऑक्टोबर

लय देण्याचा इलाज: थाटाचं पहिलं आवर्तन मनात पूर्ण गुणगुणायचं, मगच टाळी उचलायची. लेहरा मनात वाजायला लागला की लय आपोआप त्याच्या चालीवर येते. घरी रोज सकाळी, जिना चढून आल्यावर, असंच करते आणि मग मोजते. ५० ते ५२ च्या मध्ये येतंय.

द्रुताचा इलाज दोन भागांत. घरी १६० वर नाचणं बंद. भाऊ ॲप हाताळतो आणि मला न सांगता १५० ते १८५ च्या मध्ये कुठेही नेतो. त्याला या कामात भलताच रस आलाय. दुसरा भाग दादांशी बोलून ठरला. लय पळतेय असं वाटलं तर मी पाय ओढायचे नाहीत, दुगुण सोडून बराबरीत (मूळ वेगात) यायचं, दोन आवर्तनं तिथेच थांबायचं आणि हाताने टाळी दाखवायची. दादा त्यावर बसवून घेतील. "तुम्ही सांगितल्याशिवाय मला कळणार कसं?" असं ते म्हणाले. हे असं आधी बोलून ठरवता येतं हेच मला माहीत नव्हतं. साथीदार वयाने मोठे असले की आपण विचारायला बिचकतो.

१ नोव्हेंबर

दिवाळी. पाय विश्रांतीला, चकल्या जोरात.

१० नोव्हेंबर

चक्करांत नजर रोवायची जागा. घरी भिंतीवरचं कॅलेंडर आहे, दर फेरीला मान वळून त्यावर येते. गेल्या वर्षी समूहात मात्र माझं शेवटचं चक्कर तिरकं थांबलं होतं, कारण रंगमंचावरून समोर बघितलं की काळोख. आता संध्याकाळी दिवे बंद करून, फक्त पॅसेजच्या टोकाला फोनचा टॉर्च ठेवून चक्कर घेते. सभागृहात मागे ध्वनिनियंत्रणाच्या टेबलावर एक छोटा दिवा कायम असतो, तो धरायचा.

१७ नोव्हेंबर

अंगरखा शिवून आला. ७,२०० रुपये, कापड धरून. बाबांनी आकडा दोनदा विचारला. क्लासमधली एक मुलगी भाड्याने घेतेय आणि ते मला जास्त शहाणपणाचं वाटतं. पण भाड्याच्या कपड्यात आधी नाचून बघायला मिळत नाही, आणि नाचून बघितल्याशिवाय काय बिघडेल ते कळत नाही.

जे बिघडलं ते असं. दोन्ही हात डोक्यावर नेले की बाही काखेत अडकते. शिंप्याकडे माप देताना हात खाली सोडून उभं करतात, आपण हट्टाने हात वर करून माप द्यावं. घेराच्या कळ्या भरपूर, त्यामुळे चक्कर थांबल्यावर घेर अर्धी फेरी आणखी जातो आणि पायांना गुंडाळला जातो. समेवर उभी राहिले की पुढच्या मात्रेला पाऊल उचलायच्या आधी क्षणभर थांबावं लागतं. ओढणी जॉर्जेटची. खांद्यावर, कमरेला आणि पाठीत अशा तीन पिना मारल्या तरी घुंघटाच्या गतीला हाताचा झटका लागला की खांद्याची निसटते. तिथे पिनेऐवजी चार टाके घातले.

उरलेले सगळे दिवस ओढणी-अंगरखा घालून रियाज. घामाने रंग जाईल म्हणून आई कुरकुरली. अस्तर होतं, काही झालं नाही.

२४ नोव्हेंबर

शेवटच्या तिहाईचा हिशेब. पाच मात्रांचा पल्ला (तुकडा), एक मात्रा दम (थांबा), पुन्हा पाच, एक दम, पुन्हा पाच. एकूण १७. समेवरून उचलली की बरोबर पुढच्या समेवर पडते. सोपी आहे, पण १६० च्या वर दम आकुंचन पावतो, कारण मी तो मोजत नाही, श्वासाने धरते. दोन्ही दम थोडे थोडे खाल्ले की सम अर्धी मात्रा आधी. दमाच्या मात्रेवर मनात 'हां' म्हणायचं ठरवलं. १७० पर्यंत टिकतं, पुढे नाही.

म्हणून एक राखीव तिहाई बसवून घेतली. तीन मात्रांचा पल्ला, मध्ये दम नाही, खालीवरून म्हणजे नवव्या मात्रेवरून उचलायची. ९-१०-११, १२-१३-१४, १५-१६-सम. दिसायला साधी, पण हुकायला जागाच नाही. ताईंना फारशी आवडली नाही. "नाइलाज असेल तरच," म्हणाल्या. दादांना दोन्ही ऐकवून ठेवल्या.

१३ डिसेंबर

सभागृहात तालीम. आमच्या तिघींत मिळून तीन तास, त्यातले पहिले दोन नाचण्यात गेलेच नाहीत.

रंगमंचावर जाजम होतं. त्यावर तत्कार वाजत नाही आणि चक्करात टाच भाजते. काढून घ्यायला सांगितलं तर माणूस शोधण्यात पाऊण तास. खाली लाकडी फळ्या. अनवाणी पायाने सगळा रंगमंच इंच न इंच चालून बघितला: दोन ठिकाणी फळ्यांच्या सांध्यात फट, एक खिळा वर आलेला. खिळा ठोकला, फटींवर टेप.

पायांसाठी जमिनीलगत माइक लावला होता. ध्वनी बघणाऱ्या दादांना घुंगरांचा आवाज खरखर वाटला आणि त्यांनी तो इतका कापला की घुंगरू डब्यात घालून वाजवल्यासारखे ऐकू यायला लागले. मग ताई माइकजवळ उभ्या राहून बराबर, दुगुण, चौगुण वाजवत होत्या आणि मी मागच्या रांगेतून हाताने खुणा करत होते. हे काम स्वतः नाचताना करता येत नाही, दुसरं कुणीतरी हवंच. माझ्या बाजूच्या मॉनिटरमध्ये तबला कमी आणि लेहरा जास्त मागितला. आधी सगळे उलट मागतात, असं ध्वनीचे दादा म्हणाले.

बाजूचे दिवे चेहऱ्याच्या उंचीला होते. चक्करात प्रत्येक फेरीला दोनदा डोळ्यांत उजेड, आणि मागचा छोटा दिवा त्यात बुडून जातो. चक्रदारापुरते ते मंद करायचं ठरलं, चिठ्ठीवर लिहून दिलं.

१६ डिसेंबर

कार्यक्रम परवा झाला. व्हिडिओ बघून लिहितेय.

लय ५१. मोजली. थाट शांत झाला, एकदाही खाली हरवली नाही. परणेची पढंत तुटली नाही. गजरा चक्रदारात उडून संवादिनीवर पडला, काकांनी एका हाताने बाजूला केला, लेहरा चालूच. पुढच्या वेळी गजरा पिनांनी न लावता दोऱ्याने बांधायचा. दिव्यांची चिठ्ठी ऐनवेळी कुणी बघितली नाही, बाजूचे दिवे तसेच राहिले आणि चक्रदाराचं शेवटचं चक्कर थोडं उजवीकडे थांबलं. चिठ्ठी न देता तिथे माणूस उभा करावा.

गतभाव घाईत गेला. पनघटावर जाणारी गोपी आणि वाट अडवणारा कृष्ण यांच्यामधला पलटा (भूमिका बदलण्याची गिरकी) मी इतका पटकन घेतलाय की व्हिडिओत मलाच कळेना कोण कोण आहे. लयीच्या मागे लागून गेल्या चार महिन्यांत याला सगळ्यात कमी वेळ दिला, ते दिसतंय.

द्रुतात लय चढलीच. दुगुणीतून बराबरीत आले, टाळी दाखवली, दादांनी बसवली. तरी शेवटाकडे १७२. तिथे ठरवलं आणि खालीवरून नऊ मात्रांची उचलली. दादांनी पहिल्या पल्ल्यालाच ओळखून बरोबर घेतलं, सम स्वच्छ पडली, टाळ्या आल्या.

खर्च: प्लाय १,४५०, घुंगरू ३,४००, अंगरखा ७,२००, साथीदारांच्या बिदागीतला माझा वाटा ५,००० (तालमी धरून), रंगभूषा आणि केस १,८००, आलता-पिना-बँडेज ३५०, व्हिडिओ १,५००. एकूण २०,७००. सभागृहाचं भाडं क्लासने भरलं. बिदागी आधी स्पष्ट विचारून घ्या आणि तालमीचे पैसे वेगळे असतात का तेही, नाहीतर शेवटी सगळ्यांनाच अवघडल्यासारखं होतं.

घुंगरांची दोरी घामाने भिजली होती. पंख्याखाली रात्रभर वाळवून सुती पिशवीत ठेवली. प्लॅस्टिकच्या पिशवीत ठेवलेली मैत्रिणीची दोरी कुजून गाठी सुटल्या होत्या.

ताईंचा फोन आला होता. गतभावाबद्दल बोलल्या, बराच वेळ. ठेवताना म्हणाल्या, "आणि ती सतरा मात्रांची तिहाई जानेवारीपर्यंत १८० ला हवी मला."